‘ऑलरेडी’ कुठे बसवायचं?

पनवेलचं इंग्रजी म्हणजे पत्रांचं इंग्रजी. २६ मे १९८९ला न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं, त्यामागोमाग उरणच्या बाजूला कंटेनरची आवारं पसरत गेली. तळोज्याचे कारखाने होतेच. या सगळ्या कचेऱ्यांतून ‘डिअर सर’ ते ‘युअर्स फेथफुली’ लिहीत बसलेली मुलं-मुली पनवेल, कामोठे, कळंबोली, शिरढोण, पळस्पे इथली, आणि त्यातली पुष्कळशी मराठी शाळांतून आलेली. मीही आधी एका क्लिअरिंग एजंटाकडे पत्रंच लिहायचे. आता संध्याकाळी याच मंडळींना लिहायला शिकवते. फाडफाड बोलायला शिकवणारे क्लास गावात पावलोपावली आहेत, त्यात मी भर घालत नाही.

ही मंडळी स्पेलिंगला घाबरतात, काळांना घाबरतात, पण त्यांचं पत्र अडतं ते तिसऱ्याच ठिकाणी. ‘ऑलरेडी’, ‘नेव्हर’, ‘फुली’, ‘ओन्ली’, ‘डेलिबरेटली’ ही क्रियाविशेषणं नेमकी कुठे घालायची? साध्या वाक्यात कसंही निभावतं. पण ‘दॅट’, ‘हू’, ‘व्हिच’, ‘बिकॉज’ यांनी सुरू होणारं गौण वाक्य आलं, त्यात तीन-तीन चार-चार क्रियापदं ओळीने उभी राहिली, की पेन थांबतं. आणि आपल्या धंद्यातली पत्रं तर गौण वाक्यांवरच चालतात. माल कुणी दिला, कुणी घेतला, कधी बिघडला, कुणामुळे बिघडला, हे सगळं ‘व्हिच’ आणि ‘दॅट’च्या पोटात असतं. इतक्या वर्षांत जे हाती लागलं ते लिहून ठेवते आहे.

१. पहिलं सहायक क्रियापद शोधायचं, ‘ऑलरेडी’ त्याच्यानंतर लिहायचं

नियम एका ओळीचा आहे. क्रियापद एकाहून जास्त शब्दांचं असेल तर ‘ऑलवेज’, ‘नेव्हर’, ‘ऑलरेडी’, ‘प्रॉबेब्ली’ या जातीचे शब्द त्यातल्या पहिल्या शब्दानंतर येतात. क्रियापद एकाच शब्दाचं असेल तर त्याच्या आधी येतात. ‘इज’, ‘वॉज’ एकटेच असतील तर त्यांच्यानंतर. म्हणून ‘ही ऑलवेज कम्स लेट’, पण ‘ही इज ऑलवेज लेट’. रेन आणि मार्टिनच्या व्याकरणात हे सगळं दिलेलं आहे. त्यातले रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि १९२४ची ‘बो जेस्ट’ ही गाजलेली साहसकादंबरी त्यांचीच, एवढं सांगितलं की पोरं त्या जाडजूड पुस्तकाकडे जरा बऱ्या नजरेने बघतात.

गौण वाक्यात नियम बदलत नाही, गर्दी तेवढी वाढते. हे एक वाक्य घ्या: ‘द कन्साइनमेंट, व्हिच शुड हॅव बीन डिलिव्हर्ड, इज स्टिल लायिंग इन द यार्ड.’ माल एव्हाना पोचायला हवा होता, अजून आवारातच पडला आहे. यात ‘ऑलरेडी’ घालायचंय. क्रियापदं चार: शुड, हॅव, बीन, डिलिव्हर्ड. ‘शुड ऑलरेडी हॅव बीन’ हे उत्तम. ‘शुड हॅव ऑलरेडी बीन’ हेही चालतं, सर्रास लिहिलं जातं. ‘शुड हॅव बीन ऑलरेडी’ म्हटलं की वाक्य अडखळतं. ‘व्हिच ऑलरेडी शुड हॅव’ असं लिहिलं तर पत्र लिहिणारा तावातावाने बोलतो आहे असं वाटतं. सगळ्या शेवटी ‘डिलिव्हर्ड ऑलरेडी’ हे फोनवर ठीक, पत्रात नको. मी एवढंच सांगते की पहिल्या जागेवर हात टाका आणि पुढच्या वाक्याला लागा. निम्म्याहून जास्त चुका इथेच मिटतात.

२. मराठीतला क्रम सोडू नका

इंग्रजी शिकायचं तर मराठीत विचार करणं थांबवा, असं सगळेच सांगतात. या बाबतीत मी उलट सांगते. हे वाक्य वाचा: ‘माल बहुधा आधीच नीट बांधला गेला आहे.’ तीन क्रियाविशेषणं ओळीने आली. आता त्यांची अदलाबदल करून बघा: ‘माल नीट आधीच बहुधा बांधला गेला आहे.’ कुठल्याही मराठी माणसाचा कान याला नको म्हणेल, आणि का नको ते त्याला सांगता येणार नाही. इंग्रजीत हेच वाक्य ‘द गुड्स हॅव प्रॉबेब्ली ऑलरेडी बीन प्रॉपर्ली पॅक्ड’ असं होतं. प्रॉबेब्ली, ऑलरेडी, प्रॉपर्ली. बहुधा, आधीच, नीट. क्रम जसाच्या तसा. ग्वल्येल्मो चिंक्वे या इटालियन भाषाशास्त्रज्ञाचं १९९९चं पुस्तक याच विषयावर आहे. वेगवेगळ्या भाषांत क्रियाविशेषणांच्या जाती ठरावीक क्रमानेच रांगेत उभ्या राहतात, असं त्याचं म्हणणं. त्यावर विद्वानांचे वाद आहेत ते असोत. पनवेलच्या वर्गात त्याचा क्रम चोख उपयोगी पडतो.

फरक आहे तो क्रियापदांत. आपलं ‘गेला आहे’ वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे आपली क्रियाविशेषणं मुख्य क्रियापदाच्या अलीकडे सलग बसतात. इंग्रजीची ‘हॅव’, ‘बीन’ आधी येतात, म्हणून ती या क्रियाविशेषणांच्या मधे मधे शिरतात. मग लक्षात एवढंच ठेवायचं की ‘आधीच’, ‘कधीच नाही’, ‘बहुधा’ हे पहिल्या क्रियापदाजवळ, आणि ‘नीट’, ‘घट्ट’, ‘अर्धवट’, ‘पुरतं’ हे शेवटच्या क्रियापदाला चिकटून. ‘हॅव बीन प्रॉपर्ली पॅक्ड’, ‘हॅड बीन बॅडली डॅमेज्ड’. माल ज्या रीतीने बांधला ती रीत बांधण्याजवळच हवी, हे पोरांना समजावून सांगावं लागत नाही. मोरो केशव दामल्यांचं १९११चं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ मी हाताशी ठेवते ते याचसाठी. इंग्रजी शिकवायला मला इंग्रजी व्याकरणापेक्षा मराठी व्याकरण जास्त लागतं.

३. ‘नॉट’च्या अलीकडे की पलीकडे, हे लिहिण्याआधी ठरवा

सगळ्यात जास्त वेळ मी या धड्यावर घालवते, कारण इथे चुकलं की नुसतं इंग्रजी चुकत नाही, माणूस अडकतो.

आपला नकार शेवटी येतो. ‘व्हॉल्व्ह पूर्ण बंद नव्हता.’ त्या ‘नव्हता’च्या आधी आलेलं सगळं त्याच्या ताब्यात जाऊ शकतं. इंग्रजीचा ‘नॉट’ आधीच येऊन बसतो. त्याच्यानंतर येणारं त्याच्या ताब्यात, त्याच्या आधीचं मोकळं. कारखान्यात पाळी संपताना अहवाल लिहिणारा मुलगा मराठी वाक्य मनात घोळवतो, ‘पूर्ण’ आधी येतं म्हणून ‘फुली’ आधी लिहितो आणि वाक्य होतं, ‘द व्हॉल्व्ह, व्हिच वॉज फुली नॉट क्लोज्ड.’ म्हणायचं होतं की थोडासा उघडा राहिला, तो थेंब थेंब गळत होता. वाचणारा साहेब परप्रांतातला असेल, त्याला मराठी येत नसेल, तर तो हे वाक्य दोनदा वाचेल आणि सताड उघडा होता असा अर्थ लावेल. ‘वॉज नॉट फुली क्लोज्ड’ लिहिलं की थोडा उघडा होता, बस्स. शब्द तेच चार. मधल्या दोघांची जागा बदलली.

‘डेलिबरेटली’चं प्रकरण याहून अवघड. मराठीत आपण म्हणतो, ‘त्याने मुद्दाम गेट बंद केलं नाही.’ याचे अर्थ दोन होतात. एक, त्याने जाणूनबुजून गेट उघडं ठेवलं. दुसरा, गेट बंद झालं खरं, पण त्यात त्याचा हेतू नव्हता. बोलताना कुठे जोर दिला त्यावरून आपल्याला कळतं. कागदावर जोर देता येत नाही, आणि इंग्रजी दोन्हीपैकी एकच अर्थ निवडायला लावते. ‘हू डेलिबरेटली डिड नॉट क्लोज द गेट’ म्हणजे मुद्दाम उघडं ठेवलं. ‘हू डिड नॉट डेलिबरेटली क्लोज द गेट’ म्हणजे बंद केलं, पण मुद्दाम नाही.

एका गोदामातल्या चौकशीचा मसुदा माझ्याकडे आला होता. गोदामाचं नाव नको. रात्रपाळीच्या रखवालदाराने नेहमीच्या वेळेला गेट लावून घेतलं, आत एक ट्रेलर होता हे त्याला ठाऊक नव्हतं, ट्रेलर सकाळपर्यंत अडकला आणि जहाजाची वेळ हुकली. लिहिणारी मुलगी रखवालदाराच्या बाजूची. तिला सांगायचं होतं की बिचाऱ्याने मुद्दाम नाही लावलं. आणि तिच्या मसुद्यात ‘हू डेलिबरेटली डिड नॉट क्लोज’ असं होतं. म्हणजे लावलेल्या गेटबद्दल त्याची बाजू घेताना, गेट रात्रभर मुद्दाम उघडं टाकल्याचा नवाच आरोप तिने त्याच्यावर ठेवला होता. ‘डेलिबरेटली’ उचलून ‘नॉट’च्या पलीकडे ठेवलं आणि मसुदा सरळ झाला.

तेव्हापासून वर्गात एक सवय लावते. गौण वाक्यात ‘नॉट’ आणि क्रियाविशेषण दोन्ही असतील तर दोन्ही जागांवर लिहून बघायचं आणि प्रत्येकाचा अर्थ शेजारी मराठीत मांडायचा. ‘नॉट ऑलवेज’ म्हणजे नेहमीच नाही, ‘ऑलवेज नॉट’ म्हणजे कधीच नाही. ‘आय डू नॉट रिअली नो’ म्हणजे तसं नक्की नाही माहीत, ‘आय रिअली डू नॉट नो’ म्हणजे खरंच माहीत नाही. पहिलं उत्तर चौकशीत दिलंत तर पुढचे दहा प्रश्न विचारले जातील.

४. ‘ओन्ली’ला क्रियापदांच्या मधून बाहेर काढा

आपल्याकडे ‘च’ आहे. तो हव्या त्या शब्दाला लागतो. ड्रायव्हरनेच सही केली, ड्रायव्हरने सहीच केली, ड्रायव्हरने गेटपासवरच सही केली. तिन्ही वाक्यांत जबाबदारी वेगवेगळी. इंग्रजीचा ‘ओन्ली’ मात्र बोलण्यात दोन क्रियापदांच्या मधे जाऊन बसतो आणि तिथून कुठल्याही शब्दाकडे बोट दाखवू शकतो. ‘द ड्रायव्हर, हू हॅड ओन्ली साइन्ड द गेट पास’: याने फक्त सही केली, नग मोजले नाहीत, की फक्त गेटपासवर सही केली, चलनावर नाही? ऐकणाऱ्याच्या कानाला जोर ऐकू येतो, पत्र वाचणाऱ्याला येत नाही. म्हणून इथे पहिल्या धड्याचा नियम खुंटीला टांगायचा आणि ज्या शब्दाबद्दल बोलायचंय त्याच्या अगदी आधी ‘ओन्ली’ ठेवायचं: ‘हू हॅड साइन्ड ओन्ली द गेट पास’. रेन आणि मार्टिनही हेच सांगतात.

वाक्याच्या शेवटचं ‘टुडे ओन्ली’, ‘हिअर ओन्ली’ हा आपला ‘च’ इंग्रजी कपडे घालून आलेला आहे. बोलताना मला तो आवडतो. क्लेमच्या पत्रात नको.

५. ‘दॅट’ कुठे आहे ते बघून ‘मंडे’ लिहा

नवी मुंबईच्या विमानतळाची पायाभरणी १८ फेब्रुवारी २०१८ला झाली, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. मधल्या काळात ‘लवकरच’च्या एवढ्या तारखा छापून आल्या की मला वर्गासाठी उदाहरणं शोधावी लागली नाहीत. ‘द मिनिस्टर सेड ऑन मंडे द एअरपोर्ट वुड ओपन.’ मंत्री सोमवारी बोलले, की विमानतळ सोमवारी उघडणार? ‘दॅट’ गाळल्यामुळे ‘ऑन मंडे’ दोन्हीकडे बघतं. ‘सेड ऑन मंडे दॅट’ लिहा, बोलणं सोमवारचं झालं. ‘सेड दॅट ऑन मंडे’ लिहा, उघडणं सोमवारचं झालं. मराठीत ‘की’ हेच काम करतो आणि आपण तो सहसा विसरत नाही. मग इंग्रजी लिहिताना ‘दॅट’ गाळायची घाई कशाला?

‘हू’वाल्या वाक्यात हीच गफलत दुसऱ्या टोकाला होते. ‘द क्लार्क हू चेक्स द सील्स रेग्युलर्ली फाइल्स द रिपोर्ट.’ नियमित तपासतो की नियमित अहवाल देतो? आपल्या ‘जो... तो’ जोडीत असं कधी होत नाही, कारण ‘तो’ आला की पहिलं वाक्य संपलं हे कळतं. इंग्रजीत गौण वाक्याचं शेपूट आणि मुख्य क्रियापद एकमेकांना लागून येतात आणि मधला शब्द कुणाचा ते कळत नाही. ‘हू रेग्युलर्ली चेक्स’ असं आत घेतलं की भांडण संपलं. गौण वाक्यात क्रियाविशेषण शेवटी टाकण्यापेक्षा क्रियापदाजवळ आत ठेवलेलं बरं, असं माझं मत याच वाक्यांनी बनलं.

६. शपथ पाठ करा

उदाहरण म्हणून मला राज्यघटनेइतकं चांगलं काही सापडलं नाही. तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांच्या शपथेचा नमुना आहे. इंग्रजीत ती सबंध शपथ ‘दॅट’च्या गौण वाक्यांची माळ आहे आणि तिच्या मध्यावर ‘दॅट आय विल फेथफुली अँड कॉन्शन्शसली डिस्चार्ज माय ड्यूटीज’ असं येतं. ‘विल’ आणि ‘डिस्चार्ज’ यांच्या मधोमध दोन क्रियाविशेषणं. मराठी शपथ आपण टीव्हीवर इतक्या वेळा ऐकली आहे की पाठ झाली आहे: माझी कर्तव्ये निष्ठापूर्वक व शुद्ध बुद्धीने पार पाडीन. इथेही दोन्ही शब्द क्रियापदाच्या अगदी आधी. कलम ६०मधली राष्ट्रपतींची शपथ तर याच्या पुढे जाते. तिथे ‘विल’ आणि ‘प्रिझर्व्ह’ यांच्या मधे ‘टू द बेस्ट ऑफ माय अ‍ॅबिलिटी’ हा सबंध शब्दसमूह घातलेला आहे.

आणि ‘फेथफुली’ हा शब्द हलला तर काय होतं हे जगाने पाहिलेलं आहे. २० जानेवारी २००९ला वॉशिंग्टनमध्ये बराक ओबामांचा शपथविधी होता. अमेरिकेच्या घटनेतही शब्द आहेत ते ‘विल फेथफुली एक्झिक्यूट’ असेच. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स कागद न बघता शपथ देत होते आणि त्यांच्या तोंडून ‘फेथफुली’ मधून निसटून थेट वाक्याच्या शेवटी गेलं. ओबामांच्या लक्षात आलं, ते ‘एक्झिक्यूट’पाशी थांबले. रॉबर्ट्सनी सुधारायला घेतलं, त्यात आणखी गोंधळ झाला, आणि अखेर ओबामांनीही ‘फेथफुली’ शेवटीच उच्चारलं. अर्थात काही फरक पडला का? नाही. निष्ठेने काम करीन हेच दोन्हींचं म्हणणं. पण घटनेतली शपथ शब्दशः घ्यावी लागते. उगीच कुणी शंका काढायला नको म्हणून दुसऱ्या दिवशी, २१ जानेवारीला, व्हाइट हाउसमध्ये ती पुन्हा घेतली गेली. एका क्रियाविशेषणाच्या जागेपायी राष्ट्राध्यक्षांना दोनदा शपथ घ्यावी लागली, ही गोष्ट सांगितली की शेवटच्या बाकावरचाही पेन उचलतो.

स्टीव्हन पिंकर या भाषाशास्त्रज्ञाने तेव्हा असा तर्क मांडला होता की ‘क्रियापद फोडू नये’ या पढवलेल्या शिस्तीनेच रॉबर्ट्सच्या डोक्यात तो शब्द मागे ढकलला असावा. तर्क आहे, मान्य करा किंवा करू नका. पण ती शिस्त आपल्याकडेही आहे.

७. ‘क्रियापद फोडू नका’ म्हणणाऱ्या साहेबांना नम्रपणे शपथ दाखवा

जुन्या वळणाचे एक साहेब माझ्या मसुद्यांतलं ‘हॅज ऑलरेडी बीन’ खोडून ‘ऑलरेडी हॅज बीन’ करायचे. क्रियापद एकसंध असतं, मधे बोट घालू नये, असं त्यांच्या मास्तरांनी सांगितलेलं. या समजुतीचं मूळ शेजारच्या घरात आहे. १८६४मध्ये हेन्री आल्फर्ड या कँटरबरीच्या धर्माधिकाऱ्याने इंग्रजी वापरावर पुस्तक लिहिलं. ‘टू’ आणि त्याचं क्रियापद वेगळं करू नये, असं त्यात त्याने बजावलं. पुढे शाळामास्तरांनी तो हुकूम करून टाकला आणि भीती एवढी पसरली की लोक ‘विल’ आणि ‘हॅज’च्या मागेही शब्द ठेवायला कचरू लागले. फाउलरने १९२६मध्ये आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात या दोन्ही भीतींची यथेच्छ टिंगल केली. सहायक क्रियापदानंतरची जागा ही क्रियाविशेषणाची नैसर्गिक जागा आहे, असं त्याचं स्पष्ट मत. त्यालाही आता शंभर वर्षं झाली, तरी आमच्या कचेऱ्यांत आल्फर्ड जिवंत आहे.

गंमत अशी की तेच साहेब प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘वी रिक्वेस्ट यू टू काइंडली’ लिहायचे. ‘टू’ आणि क्रियापदाच्या मधे ‘काइंडली’! भारतातल्या कचेऱ्यांतून रोज निघणाऱ्या अर्जांत आल्फर्डचा नियम इतक्या बिनदिक्कत मोडला जातो की त्याच्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. वरिष्ठ खोडत असतील तर खोडू द्यावं, नोकरी महत्त्वाची. स्वतःचं पत्र मात्र बिनधास्त लिहावं.

८. ‘व्हाय इज ही ऑलवेज लेट’ हे ‘आय डोन्ट नो’नंतर उलटं होतं

प्रश्न सुटा असताना ‘इज’ आधी, ‘ही’ नंतर. तोच प्रश्न गौण वाक्य झाला की ‘ही’ आधी येतो: ‘आय डोन्ट नो व्हाय ही इज ऑलवेज लेट.’ मराठीत क्रम बदलतच नाही, ‘तो नेहमी उशिरा का येतो’ हे दोन्हीकडे तेच, म्हणून ही चूक आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या टिकून आहे. उपाय सोपा: ‘ऑलवेज’च्या अगदी आधी क्रियापद आहे की कर्ता ते बघा. ‘व्हाय इज ही ऑलवेज’मध्ये आधी ‘ही’ आलं, म्हणजे प्रश्न अजून सुटाच राहिला आहे. क्रियाविशेषणाचा असा खूण म्हणून उपयोग करायला एका विद्यार्थिनीनेच मला शिकवलं.

९. पुढचं क्रियापद गिळलं असेल तर क्रियाविशेषण अलीकडे सरकतं

‘वी विल इन्स्पेक्ट द कार्गो, अ‍ॅज वी ऑलवेज हॅव.’ इथे ‘हॅव’नंतरचं ‘इन्स्पेक्टेड’ लिहिलेलंच नाही, तेव्हा ‘हॅव ऑलवेज’ लिहून वाक्य लोंबकळत ठेवायचं नाही. ‘दॅन ही एव्हर हॅज’, ‘व्हिच ही नेव्हर डिड’ ही त्याच घरची. एवढंच.

१०. मोक्याची जागा रद्दी शब्दांना देऊ नका

दोन क्रियापदांमधली जागा वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर असते. तिथे ‘ड्युली’, ‘हिअरबाय’, ‘बेसिकली’, ‘अ‍ॅक्च्युअली’ भरली की खरा शब्द आत शिरू शकत नाही. ‘द फॉर्म, व्हिच हॅज बीन ड्युली फिल्ड अँड ड्युली साइन्ड’ यातली दोन्ही ‘ड्युली’ काढली तर फॉर्म भरलेला आणि सही केलेलाच राहतो. ‘ड्युली’ एकाच ठिकाणी ठेवावं, जिथे सही करणाऱ्याला तसा अधिकार होता हे सांगायचं असेल. मी नव्या मुलांना आधी हे शब्द खोडायला लावते, मग त्या रिकाम्या जागेत काय लिहायचं ते विचारते. बऱ्याचदा उत्तर येतं: ‘बाई, काहीच नको.’ ते उत्तर बरोबर असतं.

हल्ली फोन आपणहून लाल-निळ्या रेघा मारतो. तो जागा चुकलेली दाखवतो, पण रखवालदाराने गेट मुद्दाम लावलं की नाही हे त्याला ठाऊक नसतं. ते लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं, आणि त्यासाठी मराठी वाक्य आधी स्वच्छ करून मग इंग्रजीत न्यायचा सराव लागतो. हा सराव करून घेणारं पुस्तक आपल्याकडे होतं: तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. आधी शब्द, मग वाक्यं, मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत. त्यातली काही वाक्यं आज वाचताना हसू येतं, पद्धत मात्र अजून पक्की आहे. पनवेलच्या जुन्या वाड्यांत, आजोबांच्या ट्रंकेत तिचे भाग पडलेले असतात. घर आवरताना सापडले तर रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवू नका. जवळच्या मराठी शाळेच्या ग्रंथालयात नेऊन द्या, नाहीतर शेजारच्या दहावीच्या मुलाला द्या आणि रोज पाच वाक्यं करायला सांगा.